दुप्पट पॉइंटांचा आषाढ

मी बनवत असलेला कॉम्प्युटर गेम बघून अख्खं जपान हादरेल, असं मी आमच्या मिरकरवाडा बंदरभर सांगत सुटलो होतो. होड्यांची चित्रं मित्राची. नारळी पौर्णिमेआधी, खवळलेल्या समुद्रात होडी घातली की दुप्पट पॉइंट, ही अक्कल मात्र माझी.

पहिल्यांदा खेळायला मित्राच्या वडिलांनाच बसवलं; ते होडीवरचे तांडेल, खलाशांचे म्होरके. थोडं खेळून ते थांबले.

"दुप्पट? आमचा थोरला याच हावेपायी आषाढात गेला, तो आलाच नाही. तुला ठाऊक होतं ना रे?"

ठाऊक होतं. मला गेम रंगवायचा होता.

"नियम बदलतो, काका."

मित्राने चित्रांच्या फ्लॉप्या खिशात घातल्या.

"मी दोनदा सांगितलं होतं तुला. तू हसलास."

नियम मी त्याच दिवशी बदलला. मित्र परत आला नाही.