दीड तास मागे असलेले टीव्हीमामा

मार्गशीर्षातला रविवार, दुपारचे साडेचार. खर्च नऊशे चाळीस रुपये: कांदाभजी, फरसाण आणि रोजच्यापेक्षा दीड लिटर जादा दूध. हजर: मामा, मामी, मी, आमची सौ., माझा मेहुणा आणि शेजारचे अण्णा. कारण: आखातातल्या एका देशाच्या सरकारी टीव्ही केंद्राचा वर्धापनदिन. सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो साजरा व्हावा, असं त्या केंद्राला वाटण्याचं काही कारण नव्हतं. आम्हाला होतं.

ते केंद्र उभं राहिलं तेव्हा त्याच्या वायरी आमच्या मामांनी टाकल्या होत्या. म्हणून नात्यातले सगळे त्यांना टीव्हीमामा म्हणत. नोकरी संपवून ते परत आले, पण मनगटावरचं घड्याळ परत आलं नाही. ते तिकडच्याच वेळेवर राहिलं, आपल्या दीड तास मागे. आमच्याकडे साडेसात झाले की मामा घड्याळ बघून म्हणत, "सहा वाजलं. आता बातम्या." मी किती वेळा म्हणालो, "मामा, घड्याळ दुरुस्त करून घ्या." ते म्हणत, "त्याला काय झालंय? बरोबर चालतंय की." आणि खरंच, त्या घड्याळापायी मामांची एकही एसटी कधी चुकली नाही. माझी चुकली. अकलूजला जायचं होतं, मी त्यांच्या मनगटाकडे बघून निवांत दुसरा चहा घेतला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं: मामांचं घड्याळ म्हणजे वजाबाकी.

मामा इथे रेडिओ दुरुस्त करायचे. मुंबईच्या एका एजंटानं त्यांना 'इमारतीचं वायरिंग' म्हणून तिकडे पाठवलं आणि ती इमारत निघाली टीव्ही केंद्र. इमारत कसली, दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. मामा सांगत, "आपल्या एसटी स्टँडची चौकशीची खिडकी हाय न्हवं, तेवडा स्टुडिओ. कॅमेरा एक, टेबल एक. टेबलावर निळं कापड टाकलं की बातम्या, फुलाफुलाचं टाकलं की सैपाकाचा कार्यक्रम." रोज संध्याकाळी थोडा वेळ चित्र दिसे, ते राजधानीपुरतंच. मग डोंगरावर मनोरा झाला, खेड्यांतून चित्र दिसू लागलं, मग रंग आले, मग उपग्रह. शेवटी तिथलीच पोरं बाहेरून शिकून आली आणि इंजिनिअर झाली. त्यांना कुठली वायर कुठे जाते हे मामांनी दाखवलं आणि मामांची गरज संपली. हे सांगताना ते कधी कुरकुरले नाहीत. "त्यांचं केंद्र, त्यांनीच चालवायचं. आपण किती दिवस पायात यायचं?" असं म्हणत.

पायात येणं हा मामांच्या बोलण्यातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. मोकळी वायर दिसली की त्यांना बसवत नसे. खिशात काळ्या चिकटपट्टीचं रीळ कायम. माझ्या साखरपुड्यात पाहुणे नव्या नवरीकडे बघत होते, तेव्हा मामा गुडघ्यावर बसून फोटोग्राफरच्या दिव्याची वायर जमिनीला चिकटवत होते. "आदी वायर, मग चेहरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परिणाम असा की त्या समारंभाच्या निम्म्या फोटोंत आमच्या दोघांच्या मधोमध मामांची पाठ आहे.

आता चादरीकडे येतो, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

मामांची गोष्ट अशी. केंद्रावर रंगीत कॅमेरा आला, जोडायला एक गोरा इंजिनिअर आला, पण रंग तपासायचे पट्ट्यापट्ट्यांचे तक्ते ज्या पेटीत होते ती बंदरावर अडकली. इंजिनिअर म्हणाला, रंगीत असं काहीही आणा. आणणार काय? टेबलावरची कापडं धुवून धुवून विटलेली, माणसांचे झगे पांढरे, भिंती पांढऱ्या, बाहेर वाळू. मामा पळत आपल्या खोलीवर गेले आणि अंथरुणावरची सोलापुरी चादर ओढून आणली. त्यांनी आणि एका सहकाऱ्यानं दोन टोकं धरून ती कॅमेऱ्यापुढे ताणली. "लाल काठ, हिरवं मोर, पिवळी जमीन. त्या देशात टीव्हीवर पैला रंग दिसला त्यो सोलापूरचा!" मामा असं म्हणत आणि मामी दरवेळी विचारत, "धुतल्याली व्हती का?" मामा पुन्हा लाल काठापासून सुरुवात करत.

नात्यातल्या कुणीच हे खरं मानलं नाही. पण मामांना बाकीच्यांचं काही वाटत नसे, माझं वाटे. मी एका दवाखान्याचे हिशेब बघतो. पावतीशिवाय मी बायकोनं आणलेली कोथिंबीरही मान्य करत नाही, असं सौ. म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. मी मामांना विचारलं होतं, "पुरावा काय?" ते म्हणाले, "चादर हुती. ती त्या सायबानं तितंच ठेवून घेतली." मी म्हणालो, "म्हणजे पुरावा नाही." मामांनी चिकटपट्टीचं रीळ खिशातून काढलं, पुन्हा ठेवलं आणि विषय बदलला. पुढं त्यांचं वय झालं, दम लागू लागला. एकदा मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांचं येकच हाय बग. ती चादर तुला दाखवायची हाय." अस्तित्वात नसलेली वस्तू कशी दाखवणार, हे मी मामींना विचारलं नाही. एवढी अक्कल मला आहे.

आणि त्या वर्षी मामांच्या जुन्या सहकाऱ्याचा, सालिमचा, फोनवर निरोप आला. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात जुन्या फिती दाखवणार आहेत, रंग तपासल्याच्या दिवसाचीही एक सापडली आहे. रविवारी, तिकडच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. सहामधून दीड गेले, साडेचार. मी सगळ्यांना फोन केले. मामांना विचारलं, "साडेचार, बरोबर?" मामांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू हिशेबनीस. तू म्हणतोस तर साडेचार."

साडेचारला सौ.नं फोनवरून ते केंद्र आमच्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर लहान मुलं चित्रं काढत होती. मी म्हणालो, "सुरुवात आहे ही." मग एक डॉक्टर मधुमेहावर बोलले. मग खजुराची शेती आली आणि ती काही संपेना. अण्णा भजी संपवून म्हणाले, "साहेब, तुमची चादर कधी येणार? अजून खजूरच वाळतोय."

"येईल, येईल," मी म्हणालो. "सरकारी आहे, उशीर होणारच." एका परक्या सरकारवर मी हा ठपका बिनधास्त ठेवला.

मामा मात्र रंगात आले होते. डॉक्टरांच्या मागची भिंत दाखवून म्हणाले, "हितं आदी आमची शेड व्हती." खजुराची झाडं आली तेव्हा म्हणाले, "ह्या रस्त्यानं डोंगरावर केबल नेली. गाढवावर. गाढव निम्म्यातनं परत आलं, आमी गेलो." मेहुणा हसला आणि त्यानं पुढचं विचारलं. अण्णांनीही विचारलं, मनोरा किती उंच, पगार किती, जेवायला काय. मामा सांगत राहिले. साडेसहाला मेहुण्याला बार्शीची गाडी गाठायची होती, तो उठला. अण्णाही उठले, जाताना मला म्हणाले, "चादर आली तर कळवा. भजी चांगली होती."

साडेसातला बातम्यांचं संगीत वाजलं. मामांनी मनगट माझ्यापुढे धरलं. त्यावर सहा वाजले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेरीज. तिकडे सहा, तर इकडे साडेसात. मी म्हणालो, "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"मंडळी येणार हुती. म्हनलं, तीन तास जादा बसतील तर बसू दे. इतकी वर्सं झाली, माझं कुणी बसून ऐकलंय व्हय?"

सौ. चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघरातून तिचं हसू ऐकू आलं. ते माझ्या हिशेबाला होतं.

मग ठळक बातम्या झाल्या आणि लगेच कार्यक्रम सुरू झाला. पत्र्याची शेड आली. एक टेबल आलं, त्यावर खरोखरच फुलाफुलाचं कापड होतं. मामा पुढे सरकून बसले. आणि मग ती फीत आली. कुणीतरी छोट्या हातकॅमेऱ्यानं काढलेली, थरथरणारी. मोठा नवा कॅमेरा, गोरा माणूस आणि त्याच्यापुढे ताणून धरलेली चादर. मोर स्पष्ट दिसत होते. फक्त सगळं काळं-पांढरं होतं. पहिल्या रंगाची नोंद ज्यानं केली, त्याच्या हातकॅमेऱ्यात रंगीत फिल्म नव्हती.

"अगं बया!" मामी किंचाळल्या. "त्यो डाग बगा कोपऱ्यात! चहाचा! मी म्हनत न्हवते? न धुताच धरली की हो सगळ्या देशाफुडं!"

मामांनी मामींकडे लक्ष दिलं नाही. ते पडद्यावर बोट टेकवून मला सांगत होते, "ह्यो काठ लाल. हे मोर हिरवं. ही जमीन पिवळी." राखाडी पडद्यावर मी एकेक रंग पाहत गेलो आणि ते जागेवर बसत गेले. चादर धरणाऱ्यांचे चेहरे चौकटीबाहेर होते, दोन्ही कडांना फक्त बोटं दिसत होती. "डावीकडची माजी," मामा म्हणाले. मग खाली बोट नेऊन म्हणाले, "आन् ही वायर बग. कशी सपाट चिकटवलीया."

बोटं पुरावा म्हणून चालतात का, मला माहीत नाही. "मान्य," मी म्हणालो.

मामांनी खिशातलं रीळ चाचपलं आणि मागे टेकून बसले.

होळीच्या आधी मामा गेले. मामींनी घड्याळ मला दिलं. म्हणाल्या, "तुलाच लागंल, तुला बेरीज येत न्हाय." काही दिवसांनी ते बंद पडलं, म्हणून नव्या पेठेतल्या घड्याळवाल्याकडे नेलं. त्यानं सेल बदलला, भिंतीवर पाहून काटे बरोबर लावले आणि माझ्यापुढे ठेवलं.

"दीड तास मागे घ्या," मी म्हणालो.

"मागं? मुद्दाम चुकीचं?"

"चुकीचं नाही. तिकडे सहा वाजले की आपल्याकडे साडेसात."

त्यानं मनाशी हिशेब केला, मान डोलावली आणि काटे मागे फिरवले. सेलचे ऐंशी रुपये घड्याळवाल्याला रोख दिले. वेळ मागे घेण्याचे त्यानं वेगळे लावले नाहीत.