कपाला लागलेला वास

रतन वाठोऱ्यांच्या अंगाला वास येत असे. माणसाची ओळख अशी करून द्यायची नसते, कबूल. पण वाठोरे जिन्यात पाऊल टाकायच्या आधी त्यांचा वास दुसऱ्या मजल्यावर पोचायचा, तर इथेही तोच आधी आलेला बरा. खवट तूप, तान्ह्या बाळाने ओकलेलं दूध आणि पावसाळ्यात न वाळलेले मोजे, हे सगळं एकत्र केलं की जे होईल ते. कर्वेनगरच्या त्या सोसायटीत वास आला की बायका घड्याळाकडे न बघता कुकर लावायच्या, कारण वाठोरे आले म्हणजे सात वाजले.

हा वास ब्युटिरिक ॲसिडचा. वाठोरे नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडे, एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. कारखाना ब्युटिरिक ॲनहायड्राइड बनवायचा. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. ॲसिडचे दोन रेणू घ्यायचे, त्यांच्यामधून पाण्याचा एक रेणू ओढून काढायचा, की उरलेले दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. झालं ॲनहायड्राइड. आता पाणी ओढायचं कसं? काही ॲसिडं नुसती तापवली तरी ऐकतात, पण ब्युटिरिक त्या सरळ स्वभावाचं नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे त्याचं क्लोराइड करायचं आणि त्याच्याच सोडियमच्या क्षाराबरोबर एकत्र आणायचं. काम चोख होतं, पण क्लोराइडची वाफ माणसाचा घसा धरते आणि खर्च मालकाचा. तिसरी तऱ्हा अदलाबदलीची. ॲसिडमध्ये दुसरं एखादं हलकं ॲनहायड्राइड घालायचं, उंच कॉलमखाली, म्हणजे वाफ चढवणाऱ्या नळकांड्याखाली, तापवत ठेवायचं आणि गप्प बसायचं. आतल्या आत दोघांची अदलाबदल होते, हलकं ॲसिड वरून निघून जातं, आपला माल खाली उरतो. वाठोऱ्यांच्या कारखान्यात हीच चालायची. हिच्यात घाई केली की सगळंच बिघडतं. वाट बघण्यात मात्र वाठोऱ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

ॲनहायड्राइडची खोड एवढीच, की ओल लागली की ते पुन्हा मूळचं ॲसिड होतं. आणि केमिस्टला घाम येतो. केसांत, नखांत, शर्टाच्या कॉलरमध्ये ते जाऊन बसायचं आणि घामाबरोबर घरी यायचं. लिंबू झालं, सोडा झाला, डाळीचं पीठ झालं. वास आपला जागच्या जागी. पीएमटीच्या बसमध्ये ऐन गर्दीतही वाठोऱ्यांच्या शेजारची जागा रिकामी असायची. ते तिथे डबा ठेवायचे आणि पेपर पूर्ण उघडून वाचायचे. पुण्यात एवढं सुख कोणाला मिळतं?

समोरच्या दारात बद्रीनाथ सोनटक्के राहत. एका कचेरीत हेडक्लार्क, जीभ अस्सल पुणेरी. "आज दूध तर नासलेलं नाही, म्हणजे वाठोरे आले," असं ते दार न उघडता आतूनच म्हणायचे. पण माणूस वाईट होता असं म्हणता येणार नाही, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे. वाठोऱ्यांच्या बायकोला, कांताबाईंना, टायफॉइड झाला तेव्हा भर पावसात रिक्षा शोधून आणली ती सोनटक्क्यांनी. वाठोऱ्यांच्या मुलीला, मैत्रीला, दहावीला इंग्रजी शिकवलं ते सोनटक्क्यांनी, एक पैसा न घेता, रोज संध्याकाळी स्वतःच्या बाल्कनीत. आणि दर रविवारी त्याच बाल्कनीत सोनटक्के आणि वाठोरे बुद्धिबळ खेळायचे. हरले की सोनटक्के म्हणायचे, "अहो, वासानं डोकं गरगरलं, नाहीतर घोडा जातो होय माझा?"

चहा तिथेच यायचा. वाठोऱ्यांचा कप ठरलेला होता. निळ्या फुलांचा, कानाशी जरा टवका गेलेला. तो स्वयंपाकघरात नसायचाच, बाल्कनीच्या कट्ट्यावर कोरफडीच्या कुंडीशेजारी पालथा घातलेला असायचा. सोनटक्क्यांनी पहिल्याच रविवारी खुलासा केला होता. "राग मानू नका वाठोरे, पण वास बसतो हो कपाला. आमच्या हिला सोसत नाही." राग कसला मानायचा? वासाबद्दल कोणी खरं बोललं तर वाठोऱ्यांना उलट बरंच वाटायचं. चहा पिऊन झाला की ते स्वतःच बाल्कनीच्या नळाखाली कप विसळायचे आणि कुंडीशेजारी पालथा घालायचे. आपला वास आपण धुवावा, यात चुकलं काय?

सोनटक्के मात्र वाठोऱ्यांच्या घरी कधी बसले नाहीत. दाराशी यायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे. "आत नको बुवा. तुमच्या घरात त्या वासाचं गोदाम आहे, चहा घशाखाली उतरायचा नाही. तुमची ती कंपनी एकदा बंद पडू द्या, मग बघा, तंगड्या पसरून बसतो आणि वहिनींच्या हातचे पोहे दोनदा मागून घेतो." वाठोरे पोट धरून हसायचे. घरात आल्यावर कांताबाईंना म्हणायचे, "बोलायला फटकळ आहे, पण मनाचा मोकळा."

कांताबाई चपात्या लाटत असायच्या. एकदा त्यांनी लाटणं थांबवलं. "अहो, कपाला वास लागतो का?"

"लागत असेल थोडाफार."

"मग आपल्या कपांना कसा नाही लागत?"

वाठोरे पेपर शोधायला लागले. पेपर समोरच होता.

बी.एस्सी.ला ते द्वितीय श्रेणीत पास झाले होते. काचेला काय चिकटतं, रबराला काय चिकटतं आणि चकचकीत चिनी मातीवरून काय धुऊन जातं, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. उभ्या आयुष्यात रसायनशास्त्रात त्यांनी एवढी एकच सवलत दिली, ती त्या कपाला.

कारखान्यात कचरू नावाचा वाघोलीचा ऑपरेटर होता, वयानं वाठोऱ्यांच्या बरोबरीचा. वास दोघांना सारखाच, कचरूला कांकणभर जास्तच. चहाच्या सुट्टीत वाठोऱ्यांनी सहज विचारलं, "तुझ्याकडे येतात का रे लोक चहाला?"

"न यायला काय झालं, सायेब? समदी आळी येती. नाक दाबत्यात, मला शिव्या घालत्यात, पर च्या सोडत न्हाईत. भावकीच हाय ती."

वाठोऱ्यांनी जरा विचार केला. "शहरातली नाकं नाजूक असतात, कचरू," ते म्हणाले आणि थर्मामीटर बघायला उठले. प्रयोगशाळेत असं कोणी केलं असतं तर वाठोऱ्यांनीच त्याला झापलं असतं. दोन भांड्यांत वास तोच, निकाल वेगळा. म्हणजे निकाल वासाचा नाही. पण हे ते भांड्यांच्या बाबतीतच शिकले होते.

वाठोऱ्यांच्या घरात शिरताच समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची. वडील नागोराव हिंगोलीकडच्या गावातून निघाले तेव्हा त्यांनी पेटीत कपड्यांखाली याच दोन आणल्या होत्या. सोनटक्के उंबऱ्याबाहेर उभे राहायचे तिथून त्या नीट दिसायच्या. आपल्याकडे याहून जास्त सांगावं लागत नाही.

मग जग खुलं झालं म्हणतात तसं झालं. चीनमधून तेच ॲनहायड्राइड पिंपांतून येऊ लागलं, इथल्या कच्च्या मालाहून स्वस्त. मालकाच्या मुलाने एकदा कारखान्याकडे बघितलं, एकदा शेजारी उभ्या राहणाऱ्या काचेच्या इमारतीकडे बघितलं आणि जमीन विकून टाकली. शेवटच्या दिवशी कचरू हुंदके देऊन रडला. वाठोऱ्यांनाही वाईट वाटलं, फार वाटलं. कॉलमवरून त्यांनी एकदा हात फिरवला. आणि त्याच वेळी मनात एक विचार आला, ज्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली. आता सोनटक्के येतील.

कोथरूडमधल्या एका क्लासने त्यांना रसायनशास्त्र शिकवायला ठेवून घेतलं. तिथल्या मुलांच्या लेखी ॲनहायड्राइड म्हणजे दोन मार्क, आणि पेपर अवघड आला तर ऑप्शनला. सगळ्यांना कॉम्प्युटरला जायचं होतं. वाठोऱ्यांची काही तक्रार नव्हती, त्यांची मैत्रीही कॉम्प्युटरलाच गेली होती आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती.

घरी मात्र मोहीम निघाली. जुने कपडे गेले, गाद्यांचा कापूस बदलला, पडदे गेले, भिंतींना रंग लागला. वाठोरे दर रविवारी लेकीसमोर उभे राहायचे आणि ती त्यांच्या कॉलरचा वास घ्यायची. "अजून आहे, बाबा." पुढच्या रविवारी, "कमी झालाय, पण आहे." होळी झाली, उन्हाळा तापला, आणि एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, क्लीन! एकदम झीरो. तुम्ही आता नॉर्मल माणूस आहात."

वाठोऱ्यांनी कांताबाईंकडे बघितलं. त्यांनी जवळ येऊन खांद्याशी नाक नेलं. "गेला," त्या म्हणाल्या. "चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय."

त्याच सुमारास मैत्रीच्या कंपनीने तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी सोनटक्के काकांना चहाला बोलवायचं ठरलं. तिचं इंग्रजी त्यांचंच होतं. वाठोऱ्यांनी समोरचं दार वाजवलं आणि शाळकरी पोरासारखे अंग चोरून उभे राहिले. "साहेब, कंपनी बंद पडली. वासही गेला. आता तुमचं ते तंगड्या पसरायचं राहिलंय."

"येतो की!" सोनटक्के म्हणाले. "न यायला काय झालं?"

पाचाला बोलावलं होतं, वाठोऱ्यांनी तीनलाच इस्त्रीचा शर्ट चढवला. कांताबाईंनी पोहे केले, ओलं खोबरं, कोथिंबीर, वर लिंबाची फोड. नवा कपांचा संच काढला. सोनटक्के आले. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि आत आले. दारालगतच्या खुर्चीवर बसले. नाक वर करून त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

"अहो, कमाल आहे! वास औषधालासुद्धा नाही राहिला."

"मैत्रीनं सर्टिफिकेट दिलंय," वाठोरे म्हणाले. त्यांना बोलताना दम लागत होता.

मैत्रीने वाकून नमस्कार केला. सोनटक्क्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला, तिच्या हातात एक पेन ठेवलं आणि अमेरिकेत कोट कुठला घालायचा यावर बरंच बोलले. आवाज खरंच ओला झाला होता त्यांचा, त्यात खोट नव्हती. मग कांताबाईंनी ट्रे आणून समोर ठेवला.

सोनटक्क्यांनी पोह्यांकडे बघितलं. "वा, वा! पण वहिनी, आज मला काही देऊ नका. पोट जरा बिघडलंय."

"चहा तरी घ्या, साहेब," वाठोरे म्हणाले.

"चहानं पित्त होतं हो हल्ली."

चहावर साय धरायला लागली. मग कांताबाई आत गेल्या आणि स्टीलच्या स्वच्छ पेल्यातून पाणी घेऊन आल्या. त्यांनी ते ट्रेवर ठेवलं नाही, सोनटक्क्यांसमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या. "पाणी घ्या. पाण्यानं काही होत नाही."

सोनटक्क्यांनी पेल्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. "आत्ताच पिऊन निघालो घरून."

घर समोरच होतं. चार पावलं.

कांताबाई हात पुढे करून उभ्याच होत्या. शेवटी वाठोऱ्यांनी उठून त्यांच्या हातातून पेला घेतला. सोनटक्के आणखी जरा वेळ बसले, हवापाण्याचं बोलले आणि "चला, येतो, हिची देवाला जायची वेळ झाली" म्हणून उठले. त्यांचे पोहे मैत्रीने झाकून ठेवले. झाकण मात्र तिने आपटलं.

वाठोरे बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. मग चपला न घालताच बाहेर गेले आणि समोरचं दार वाजवलं. दार उघडताच आतून चहाचा वास आला, आलं घातलेला. सोनटक्क्यांच्या हातात बशी होती. ती त्यांनी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

"माझा कप न्यायला आलोय," वाठोरे म्हणाले.

"कप? अहो, राहू द्या की इथेच. रविवारी लागेलच."

"वास गेला ना, साहेब. तुम्हीच म्हणालात आत्ता. मग वेगळा कप कशाला?"

सोनटक्क्यांनी बशी या हातातून त्या हातात घेतली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सवय झालीय हो घरात. मी काही मानत नाही. पण हिचं..."

"रिक्षा आणलीत तेव्हा भिजलात तुम्ही. तेही विसरलेलो नाही," वाठोरे म्हणाले. "कप द्या."

सोनटक्के बाल्कनीत गेले. कपाला दोन बोटांनी धरून घेऊन आले. वाठोऱ्यांनी तो घेतला, चार पावलं चालून घरी आले आणि दार लावलं. दिव्याखाली उभं राहून त्यांनी कप नाकाशी नेला. आतून, बाहेरून, कानाखालच्या टवक्यापाशी. कारखान्यात प्रत्येक पिंपाचा नमुना ते असाच तपासायचे.

"कशाचा येतो?" कांताबाईंनी विचारलं.

"कशाचाच नाही," वाठोरे म्हणाले. "चिनी मातीला वास लागत नाही. कधीच लागत नव्हता. मला माहीत होतं ते."

"मग इतकी वर्षं?"

वाठोऱ्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता.

"मला शेजारी हवा होता गं," ते म्हणाले.

कांताबाईंनी कप त्यांच्या हातातून घेतला, विसळला आणि रोजच्या कपांच्या रांगेत, मैत्रीच्या कपाला लागून ठेवला. मग झाकलेले पोहे पुन्हा गरम करायला घेतले.