साडेपाच किलोंचं हलकं काम

किसनभाऊ भोईर ‘हो साहेब’ म्हणाले की साहेबच कपाळाला हात लावायचा. हा चमत्कार मी समोर बसून पाहिला आहे, तोही पगार घेऊन. नव्वदीच्या दशकात गोखिवऱ्याच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो आणि किसनभाऊ पत्रा कापणाऱ्या पॉवरप्रेसवरचे जुने कारागीर. उमेळ्याहून सायकलवर यायचे.

एके दिवशी प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. चार महिन्यांनी ते परतले ते डॉक्टरांचा कागद घेऊनच : हलके काम द्यावे, पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरपाईचा अर्ज कामगार कार्यालयात पडून होता.

“हात कसा आहे?” मी विचारलं.

“बरा हाय. आता कुनाला सलाम ठोकला तरी अर्धाच पोचतो!”

मॅनेजर सामंतसाहेबांना मात्र हा अर्धा सलामही नको होता. मला केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, “एकदा त्याला नाही म्हणू दे. ‘देऊ केलेले काम नाकारले’ असं तू रजिस्टरात लिहायचं, की गेला घरी.” मी मान हलवली, नोकरी मलाही हवी होती. पण किसनभाऊंच्या दोन मुली शिकत होत्या, आणि पन्नाशीतल्या अधू हाताच्या माणसाला दुसरा कुठला कारखाना दारात उभं करणार होता?

पहिल्या दिवशी साहेबांनी फर्मावलं, “बावीस जणांना चहा वाट. हलकं काम आहे.” प्रेसवरच्या माणसाला किटली! सगळं खातं श्वास रोखून बघू लागलं.

“हो साहेब,” किसनभाऊ म्हणाले, आणि किटली व ग्लासांची जाळी दोन खेपांत नेऊन त्यांनी सरळ वजनकाट्यावर ठेवली. “साडेपाच! साहेब, अर्धा किलो तुम्ही पिऊन टाकता का? मंग नेतो.”

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी धुवायची होती. “हो साहेब.” पाण्याची बादली भरली तेरा किलो. मग किसनभाऊंनी तांब्या शोधला आणि नळ ते गाडी, गाडी ते नळ अशी वारी सुरू केली. संध्याकाळी साहेब घरी निघाले तेव्हा गाडीची डावी बाजू नवरदेवासारखी चमकत होती आणि उजवी चिखलातच होती.

तिसऱ्या दिवशी टेम्पोत खोकी भरायची होती. एकेक खोकं अठरा किलोंचं. “हो साहेब,” म्हणत त्यांनी खोकं फोडलं आणि एकेक बिजागरी टेम्पोत नेऊन ठेवू लागले. अकराव्या बिजागरीला टेम्पोवाला रडकुंडीला आला.

मी हसून हसून बेजार. जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “किसनभाऊ, राग नाही येत?”

त्यांनी डबा बाजूला ठेवला. “येतो ना. पन बाबा, डाक्टरनं ‘हलकं’ वजनाचं लिवलं, यांनी मानाचं वाचलं. मी रागावून निघालो, तर यांचंच वाचलेलं खरं ठरंल.”

मी डबा झाकला. उठलो, केबिनमध्ये गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता बोललो, “साहेब, तपासणीचं टेबल रिकामं आहे. एक बिजागरी शंभर ग्रॅमचीही नाही.” साहेब इतके थकले होते की त्यांनी ‘बसव तिथं’ म्हणत नुसता हात हलवला.

त्या टेबलावर किसनभाऊ निवृत्त होईपर्यंत बसले. भरपाईही यथावकाश मिळाली. पण मला आठवते ती त्या टेबलावरची पहिली चकमक. एका मोठ्या लॉटमधल्या बिजागऱ्यांच्या मधल्या खिळी सैल निघाल्या आणि किसनभाऊंनी माल अडवला. दारात टेम्पो हॉर्न वाजवत उभा. साहेब गरजत आले, “अरे, तुला हलकं काम दिलंय ना? मग कर सही आणि सोड!”

डाव्या हाताने सही करायला नुकतंच शिकलेल्या किसनभाऊंनी पेन टेबलावर ठेवलं.

“काम हलकंच हाय, साहेब. सही जड हाय.”