अण्णा पेपरात आले

जळगावच्या कॉलेजात आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचा आवाज मी असा काढायचो की पोरं मान वर न करता वह्या उघडायची. नाकातून, शेवटी 'बरं का' लावून. "मागणीचा नियम अपवादांसह स्पष्ट करा, बरं का." सरांचे प्रश्न दरवर्षी तेच, पुस्तकातला मथळा घ्यायचा, मागे 'स्पष्ट करा' जोडायचं. म्हणून परीक्षेआधी हॉस्टेलवर मी सर होऊन अख्खा पेपर बोलून दाखवायचो. पोरं तेवढंच पाठ करायची आणि पास व्हायची.

हे सरांच्या कानावर गेलं. केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, मेलो. तर म्हणाले, कर की नक्कल. केली. सर डोळे पुसेस्तोवर हसले, चहा मागवला, अजून कोणाची येते विचारलं. मग मी काय, फुगलो. मुक्ताईनगरकडे आमची केळीची बाग. घड कापून झाले की व्यापारी भाव कसा पाडतो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रुमालाने मान पुसत "बरं, न्या" कसं म्हणतात, ते करून दाखवलं. हे रूमवरसुद्धा कधी केलं नव्हतं. सर हसले नाहीत. नीट ऐकत होते. मला ते आवडलं.

पेपर हातात आला तर एकही 'स्पष्ट करा' नाही. पहिलाच प्रश्न, दहा मार्कांना: केळीचे घड कापल्यावर व्यापारी भाव पाडतो. तरी शेतकरी 'बरं, न्या' का म्हणतो?

कापलेला घड थांबत नाही, एवढं मला लहानपणापासून माहीत. पण अण्णांची हार मार्कांसाठी लिहायला हात चालेना. प्रश्न कोरा सोडला.

बाहेर भडगावचा माझा रूममेट वाट बघत होता. पाठ केलेलं सगळं वाया गेलं होतं त्याचं. म्हणाला, "तू ते सरना माणूस निंघना. बठ्ठं तुले माहीत व्हतं." सगळा पेपर मला आधीच माहीत होता, असं त्याला वाटलं. आठवडाभर बोलला नाही.

पेपर तपासून झाल्यावर सरांनी व्हरांड्यात गाठलं. खुशीत होते. "तुझ्यामुळे पहिल्यांदा पाठांतराने न सुटणारा प्रश्न काढला. आणि तूच सोडलास?"

"सर, तो प्रश्न नव्हता," मी म्हणालो. "ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

रूममेट आता बोलतो. कधी म्हणतो, सर कर ना. मी एसटीचा कंडक्टर करतो.