दादा, तुम्ही जरा बाहेर

नर्सबाई घरात आली की खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवायची नाही. आधी हनुवटीने दार दाखवायची. "दादा, तुम्ही जरा बाहेर."

तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई येत असेल. सरकारी दवाखान्यातली, पांढरी साडी, रबरी चपला, टाचा फुटलेल्या. एकलहऱ्याला आमच्या वस्तीत ती पंधरवड्याला यायची. वीजकेंद्राची राख साडीवर बसली की म्हणायची, "तुमच्या चिमणीने माझा साबण खाल्ला." मी तिथेच ठेकेदाराकडे कोळशावर होतो. शाळा चौथीपर्यंत.

मला तिचा राग यायचा. माझ्या घरातून मला काढणारी ही कोण? एकदा उठलोच नाही.

"मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच म्हणते," म्हणाली आणि उभीच राहिली. शेवटी मीच उठलो. ओट्यावर विडी ओढत बसलो. आत दोघी हसत होत्या. मलाच हसत असणार.

दोन मुलींनंतर बायकोने तिच्याकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या. मला मुलगा पाहिजे होता. ते पाकीट मी चुलीत घातलं. बायकोने पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, ऐकलं माझं.

मग एका हिवाळ्यात तिच्या अंगावरून लय जायला लागलं. नर्सबाई तेव्हा पोलिओच्या डोसासाठी दुसऱ्या गावांना गेलेली. मी बायकोला नाशिकरोडला एका डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी शेजारच्याच खुर्चीवर. तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

वर मीच बोललो, "ती कसली गोळी घेती? डोकं दुखलं तरी घेत नाय."

डॉक्टरने रक्त थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. थांबलंही. चार दिवसांनी तिची एक पोटरी सुजून दगडासारखी झाली. मी तेल कोमट करून चोळली. दोन दिवस चोळली. "हात जड हाय तुमचा," म्हणायची, पण पाय काढून घ्यायची नाही. तिसऱ्या सकाळी भाकरी थापता थापता छातीला हात लावून बसली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

दहाव्याच्या आधी नर्सबाई आली. मी सवयीने उठलो.

"बसा, दादा," ती म्हणाली.

तिने डॉक्टरची चिठ्ठी मागून वाचली, पाय कधी सुजला ते विचारलं. मग फळीवरचा पोह्यांचा डबा काढला, आत हात घातला आणि तसल्याच गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. निम्मं संपलेलं. "ह्या गोळ्यांनी कधी कधी रक्ताची गुठळी होते. त्यात रक्त थांबवायच्या गोळ्या पडल्या. दोन्ही एकत्र द्यायच्या नसतात. पायातली गुठळी वर छातीत गेली असणार. पाय चोळला होता का कुणी?"

मी हात मांडीखाली घेतले.

"मी इथं असते तर मला सांगितलं असतं तिनं," ती म्हणाली.

"मग मला का नाय सांगितलं?"

ती चुलीकडे बघत राहिली.

त्यानंतर ती प्रत्येक बाईला पाकीट देताना बजावायची, "रक्त थांबवायची गोळी कुणी लिहायला लागलं, तर आधी हे त्याच्या टेबलावर टाकायचं. लाजायचं नाही." एखादा नवरा घरात अडून बसला की मीच दारातून हाक मारायचो, "ऊठ रे, बाहेर ये." गडी मला हसायचे. हसू देत. नर्सबाई मात्र हसायची नाही. नुसती मान हलवायची.

नोकरी संपल्यावर ती घोटीला भावाकडे गेली आणि तिथेच वारली. मला महिन्याने कळलं.

थोरली मुलगी लग्नानंतर बाळंतपणाला आली, तेव्हा तिला दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला तसा मी खुर्चीवरून उठलो.

"बसा ना, बाबा," त्या म्हणाल्या.

"नको. तिला विचारा काय ते."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकड्यावर बसलो. आत दोघींचं बोलणं चाललं होतं. मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.