ती बाई गेली नाही

एकोणीसशे साठच्या आधीची गोष्ट. शहाद्याकडच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो, आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत ओसरीवरच्या रोग्यांना शुभवर्तमानातली एखादी गोष्ट अहिराणीत सांगायचो. औषधापेक्षा लोकांना माझ्या गोष्टींनीच गुण येतो, अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी कनानी बाईची गोष्ट सांगितली. परक्या जातीची बाई आजारी लेकीसाठी येशूच्या मागे लागते. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. ती हटत नाही आणि लेक बरी होते. सांगताना माझे डोळेही भरून आले.

दुपारी दार लावताना पाहिलं, तर सातपुड्यातून आलेली, सकाळपासून नंबर न लागलेली एक बाई तापलेली पोर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली.

"वेळ संपली. उद्या ये."

ती हलली नाही. मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा ओरडूनच.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, सकाळे तूच सांगं ना? ती बाई गयी नही, म्हनीसन तिनी पोर बरी व्हयनी. मंग मी कसी जाऊ?"

मी जाऊन जेवायला बसलेल्या डॉक्टरीणबाईंना उठवून आणलं. पोरीला न्यूमोनिया होता.

बाई ख्रिस्ती वगैरे झाली नाही. दहाव्या दिवशी लेकीला चालवत घरी निघाली. जाताना ओसरीवर नव्याने आलेल्या बाईजवळ थांबली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हाऊ दादा जा म्हनस. तू बठी ऱ्हाय."