व्हर्नाच्या अजगरांना किडे कुणी लावले

पाण्याच्या वाटीत खसखशीहून बारीक असा एक काळा ठिपका बुडून पडला होता. व्हर्ना स्टकीनं चष्मा चढवला, ठिपका बोटावर घेतला आणि पांढऱ्या कागदी टॉवेलवर चिरडला. लाल डाग उमटला.

"कुणी आणलं हे माझ्या घरात?" ती म्हणाली.

कसं आलं, असं तिनं विचारलं नाही. कुणी आणलं, असंच विचारलं. बाईचा स्वभावच तो. ओहायोतल्या त्या छोट्या गावात चौतीस वर्षं तिनं शाळेच्या कँटीनमध्ये वाढायचं काम केलं, पोरांच्या दप्तरांतून पळवलेली दुधाची पाकिटं बाहेर काढली. त्यामुळे माणूस समोर आला की तिला आधी त्याचे खिसे दिसत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मागच्या खोलीत कपाटाच्या खणांसारखे एकावर एक प्लास्टिकचे डबे होते आणि डब्यांत अकरा अजगर. लहान जातीचे, हातभर-दोन हात लांबीचे, भ्यायले की चेंडूसारखे गोळा होणारे.

साप पाळणाऱ्यांत या किड्याचं नाव निघालं की माणसं दोन पावलं मागे सरतात. तो खवल्यांच्या फटीत शिरतो, डोळ्यांच्या कडेला बसतो, रक्त पितो, आणि एकाच्या डब्यातून दुसऱ्याच्या डब्यात केव्हा जातो ते कळत नाही. म्हणून व्हर्नाच्या घरी कडक सोवळं असे. नवा साप कितीही मोठ्या माणसानं दिलेला असो, तीन महिने कपडे धुण्याच्या खोलीत, पांढऱ्या कागदावर, एकटा. पाहुण्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे. एवढं करूनही किडे आले म्हणजे कुणीतरी लबाडी केली होती.

तिनं आलेगेले मोजले. गोठवलेले उंदीर आणून देणारा माणूस पोर्चच्या पुढे येत नाही. बहीण सापांच्या खोलीच्या वाऱ्याला उभी राहत नाही. मग उरला वेंडेल ऑस्टर.

वेंडेल चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, बोआ जातीचे सात साप पाळणारा. दर मंगळवारी कॉफीला यायचा. मागच्याच मंगळवारी त्यानं तिची म्हातारी अजगर मादी मांडीवर घेतली होती. बोलता बोलता मनगट खाजवलं होतं. आणि सहज म्हणाला होता, की एका बोआची कात नीट निघत नाही, म्हणून तिला कोमट पाण्यात ठेवतोय. व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. कातीसाठी? किडे झालेल्या सापालाही लोक कोमट पाण्यातच ठेवतात की.

मग बाई कामाला लागली. डब्यांतला झाडाच्या सालींचा भुगा पिशव्यांत बांधून बाहेर. साप लपायच्या लाकडी ढोल्या बाहेर. रोज दोन-तीन साप कोमट पाण्यात, पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब. बुडायला लागले की किडे डोक्याकडे पळतात, म्हणून डोक्यावर तेलाचं बोट. रिकाम्या डब्यावर औषध फवारायचं, पार वाळू द्यायचं, मगच साप आत. घाई केली तर किड्याआधी साप मरतो. कंबर मोडून जायची तिची. आणि दर डब्यागणिक ती वेंडेलच्या नावानं बोटं मोडायची.

मंगळवारी वेंडेल चेरीचा 'पाय', म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन दारात आला. ती दार अडवून उभी राहिली.

"हात पुढे कर."

"धुतो की आत आल्यावर."

"बाही दाखव."

तिनं पांढरा टॉवेल त्याच्या शर्टाच्या बाहीवरून खसाखसा फिरवला आणि उजेडात धरला. काहीच नव्हतं.

"काय शोधतेस? पोलिसात लागलीस का या वयात?"

"माझ्याकडे किडे निघालेत, वेंडेल. तुझ्याकडे किती दिवसांपासून आहेत?"

त्याचं हसू ओसरलं. "माझ्याकडे नाहीत गं. मला तरी दिसले नाहीत."

"दिसले नाहीत की सांगायचे नव्हते?"

 तो पायची बशी कठड्यावर ठेवून म्हणाला, "पुन्हा बघतो. भिंग घेऊन बघतो." आणि गेला. चोरी पकडल्यावर पोरं असंच बोलतात, हे व्हर्नाला चौतीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पाय तिनं खाल्ला नाही. बशीसकट पिशवीत घालून कचऱ्यात टाकला.

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये साप पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक होती. वसंतातलं प्रदर्शन तोंडावर आलेलं. व्हर्नानं अध्यक्षीण रोक्सॅन टीगला चहाच्या टेबलाशी गाठलं.

"प्रदर्शनात वेंडेलचं टेबल माझ्या शेजारी नको. खरं म्हणजे कुठंच नको. त्याच्याकडे किडे आहेत."

"तू पाहिलेस?"

"माझ्या घरात पाहिले. तेवढं पुरे नाही का?"

ते पुरलं. या लोकांत एवढा शब्द पुरतो. रोक्सॅननं वेंडेलला सगळ्यांसमोरच विचारलं. तो उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"मी साप दोनदा तपासले. मला एकही सापडला नाही," तो म्हणाला. "पण व्हर्ना उगाच बोलायची नाही. आणि माझे डोळे, मोतीबिंदू काढल्यापासून, काही खरे नाहीत. माझं टेबल काढून टाका."

त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी खुर्च्या सरकवल्या. व्हर्ना मनात म्हणाली, कबूलच केलं की.

पण घरातले किडे काही हटेनात. दहा दिवस गेले, पंधरा गेले, पांढऱ्या कागदावर सकाळी ठिपके हजर. वेंडेल तर फिरकलाही नव्हता. मग हे येतात कुठून? तिनं नीट हिशेबानं बघायचं ठरवलं. प्रत्येक डब्यात नवा कागद घातला आणि चोवीस तासांनी ठिपके मोजले. तीन. पाच. दोन. सगळ्यात खालच्या रांगेतल्या शेवटच्या डब्यात एकसष्ट.

तो बिस्किटचा डबा. बिस्किट हा तिचा लाडका नर, तिनं स्वतः अंड्यातून काढलेला. थंडीत तो इंडियानातल्या कर्टिस ल्यूडके नावाच्या माणसाकडे दिला होता, त्याच्या माद्यांबरोबर ठेवायला. पाच आठवड्यांपूर्वी परत आला. आणि परत आला तो थेट आपल्या जुन्या डब्यात. तीन महिने वेगळं ठेवायचं ते परक्याला. घरच्या पोराला कोण ठेवतं? आंघोळही त्याला एकदाच घातली होती, ती आपली नावापुरती. तिनं त्याची हनुवटी वर केली. खवल्यांखाली किडे दाटीनं बसले होते.

तिनं कर्टिसला फोन लावला.

"तुझ्याकडे किडे आहेत का?"

"होते थोडे, जानेवारीत," तो आरामात म्हणाला. "का? तू त्याला वेगळं ठेवलं नाहीस?"

"सांगितलं का नाहीस मला?"

"अगं, तू व्हर्ना स्टकी. मला हात धुतल्याशिवाय दाराची कडी धरू देत नाहीस. म्हटलं, तू तीन महिने ठेवशीलच."

फोन ठेवून ती तिथंच जमिनीवर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा; आणि वळसा घालता घालता एका भल्या माणसाला तुडवून आली होती. तिला स्वतःची शिसारी आली. रोक्सॅनला सांगायचं होतं, मंडळाला सांगायचं होतं, पण आधी त्याला. तिनं आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि वेंडेलच्या घरी चालत गेली.

त्यानं दार उघडलं, तिला आत घेतलं, कॉफी ओतली. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बिस्किट, कर्टिस, एकसष्ट ठिपके. "तुझा काडीचा दोष नव्हता. मी तुझं नाव घालवलं. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगते."

"म्हणजे माझ्याकडे नव्हतेच?"

"नव्हतेच."

वेंडेल खुर्चीत बसला. 

"मी तीन-तीनदा भिंगानं बघितलं," तो म्हणाला. "काही दिसेना. म्हटलं, व्हर्नाला दिसतात आणि मला दिसत नाहीत, म्हणजे डोळे गेले. ज्याला किडे दिसत नाहीत त्यानं साप ठेवू नयेत. उगाच मुक्या जिवाचे हाल."

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. काचेच्या सातही पेट्या धुऊन पुसून भिंतीशी उलट्या लावलेल्या होत्या.

"कुठं आहेत ते?" व्हर्नाचा आवाज चिरकला.

"केंटकीतला एक जण घेऊन गेला. रविवारी."

"आपण परत आणू. मी गाडी काढते, आत्ता निघू."

"त्यानं पुढे विकलेसुद्धा. चार कुठं गेले ते त्यालाही ठाऊक नाही." त्यानं डोळे चोळले. "थोरली बावीस वर्षांची होती."

व्हर्नाला रडू फुटलं. त्यानं तिला गप्प केलं नाही आणि तो रागावलाही नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिला. मग उठला, सिंकखालून औषधाची बाटली काढली. जवळजवळ भरलेली होती.

"बिस्किटचे अजून गेले नसतील," तो म्हणाला. "ही घेऊन जा. मला आता लागत नाही."

तिला लागत होती. तिनं ती घेतली.